तिच्या नावावरची पावलं

माझी बायको मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता गेली. त्याच मंगळवारी ती एकसष्ट हजार चारशे पावलं चालली, असं माझ्याकडे लेखी आलं.

कागद आला तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. पाकीट तिच्याच नावाचं होतं. मी ते फोडलं, कारण आता तिच्या नावाचं सगळं मलाच फोडायचं होतं.

ती मनोरुग्णालयात परिचारिका होती. सव्वीस वर्षं, त्यातली शेवटची नऊ पुरुषांच्या वॉर्डात. दोन महिन्यांपूर्वी विद्यापीठाची माणसं तिथं आली होती. वेड्यांच्या इस्पितळातल्या नर्स ड्यूटीवर किती हालचाल करतात ते त्यांना मोजायचं होतं. बाकीच्या इस्पितळातल्या नर्स दिवसभर पळतात, या मात्र बसून असतात आणि बसून आजारी पडतात, असा त्यांचा संशय होता. ज्यांनी होकार दिला त्यांना एकेक प्लॅस्टिकचा पट्टा मिळाला, मध्ये करडी बटणासारखी डबी. वॉर्डात मनगटावर काही घालायची परवानगी नाही, पेशंट ओढतात, म्हणून पट्टा पायाच्या घोट्याला, मोज्याच्या आत. ड्यूटीपुरता घालायचा आणि जाताना कपाटात ठेवायचा. वॉर्डाच्या ऑफिसात भिंतीवर एक यंत्र होतं, ते पट्ट्यातला आकडा आपोआप ओढून घ्यायचं. दर पंधरा दिवसांनी ज्याचा त्याचा कागद घरी टपालानं. इन्चार्जला कळू नये की कोण चालतं आणि कोण बसतं, म्हणून घरी. आठ आठवडे, चार कागद. हा चौथा होता.

मी एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. दारोदार जायचं, आकडा घ्यायचा, पुढचं दार. शेवटची काही वर्षं मीटरही लांबून वाचले जाऊ लागले, घरात पाऊल न टाकता. मला ते कधी पटलं नाही. आकडा येतो, पण घर दिसत नाही. कुलूप लावलेलं घर आणि मीटर फिरतोय असं दिसलं की आम्ही समजायचो, आत कुणीतरी आहे. अशी किती तरी घरं मी पकडली. मागच्या दारानं राहणारे, शेजाऱ्याच्या तारेवर जगणारे. हा धंदा माणसाला संशयी करतो. ती म्हणायची, "अहो, तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा सुद्धा आधी सील तुटलंय का ते बघता."

तर हा कागद मी टेबलावर पसरला आणि धंद्याच्या सवयीनं वाचला. दर दिवसाची एक ओळ, दर तासाचा एक उभा खांब. पहिला आठवडा नेहमीसारखा. सकाळी आठपासून एकपर्यंत बुटके खांब, गवतासारखे, तासाला तीनशे-साडेतीनशे. एक ते चार उंच खांब, तिन्ही सारखे, तासाला चार-चार हजार. चारनंतर काही नाही, म्हणजे ड्यूटी संपली. सोमवारीही एकपर्यंत गवत आणि मग उंच खांब, पण त्या सोमवारी खांब चारला थांबले नाहीत. पाच, सहा, सात, आठ. रात्री थोडी फट, पहाटे पुन्हा सुरू. मंगळवारी दिवसभर. बुधवारी, गुरुवारी, रविवारपर्यंत.

सोमवारी ती तीनला घरी आली होती. बरं वाटत नाही म्हणून लवकर आली आणि खुर्चीत बसली. मंगळवारी सकाळी ड्यूटीचे कपडे घालून पुन्हा त्याच खुर्चीत बसली, म्हणाली, "पाच मिनिटं थांबते आणि निघते." मी बूट आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा ती गेलेली होती.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. पट्टा कुणाच्या तरी पायात होता. आणि तो सोमवारपासून नव्हे, आधीपासून होता की काय, हा पुढचा प्रश्न.

आधीचे तीन कागद कपाटाच्या दारावर लावलेले होते, मीच लावले होते. ते काढून शेजारी ठेवले. पहिला कागद वेगळाच. रोजची पावलं सरासरी दोन हजार नऊशे, दिवसभर नुसतं गवत. तो आला त्या दिवशी मी हसलो होतो. म्हणालो होतो, "अगं, घरातला पंखा तुझ्यापेक्षा जास्त फिरतो." ती पण हसली. म्हणाली, "आजकाल मला खुर्ची असते हो." खुर्ची म्हणजे त्यांच्या वॉर्डातली एक ड्यूटी. जो पेशंट जिवाचं बरंवाईट करील असं वाटतं त्याच्याजवळ हाताच्या अंतरावर बसून राहायचं, तासन् तास, दर पंधरा मिनिटांनी कागदावर खूण करायची. उठायचं नाही. संडासला जायचं तर बदली माणूस बोलवायचं. मी म्हणालो, "खुर्ची संपल्यावर चाल की. डॉक्टर काय म्हणालेत? रोज दहा हजार." आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिला जाड तळव्याचे चालायचे बूट आणले.

दुसऱ्या कागदावर तेरा हजार सातशे. तिसऱ्यावरही तेवढेच. मला वाटलं, बुटांचा गुण.

तेरा हजार पावलं रोज चालणाऱ्या बाईचं हृदय एका सकाळी खुर्चीत थांबतं. ते तिला नेताना मी कुणाला विचारलं नाही. आता कागद समोर ठेवून स्वतःला विचारलं. दोन्हीतलं एक खोटं होतं.

मी बूट काढले. दारामागे तिनं ठेवले तसेच होते. उलटे केले. तळव्याची नक्षी नवी होती, दुकानातल्यासारखी. टाचेला थोडी घासलेली, बस. बसथांब्यापासून घर आणि घरापासून बसथांबा, एवढीच. बूट सांगत होते ती चालत नव्हती. कागद सांगत होता ती चालत होती.

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते. सगळं सांगितलं.

"बाबा, यंत्र बिघडलं असेल."

"बिघडलेलं यंत्र कसंही फिरतं. हे रोज एक ते चार सारखंच फिरतंय."

"मग काय म्हणायचंय तुम्हाला?"

मी कागद पुन्हा सरळ केला. तीच मग म्हणाली, "आईचासुद्धा मीटर तपासणार आहात का आता?"

"मला फक्त कळायला हवं, ती दुपारी कुठं होती."

"वॉर्डात होती, बाबा. सव्वीस वर्षं वॉर्डातच होती." आणि तिनं फोन ठेवला. रडायला ठेवला असावा.

पण माझ्या डोक्यात एकदा किडा शिरला की शिरला. त्या वॉर्डात एक ब्रदर होता, म्हणजे पुरुष नर्स. वयानं हिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, अंगानं आडवा. घरी आधी ह्याचं नाव सारखं निघायचं. ब्रदर असं म्हणाला, ब्रदरनं असा विनोद केला. गेल्या दीड महिन्यात एकदाही निघालं नव्हतं. सोमवारी त्यानंच तिला गाडीवरून घरी सोडलं होतं. तिला नेलं त्या दिवशी आला तेव्हा माझ्या नजरेला नजर दिली नाही, आणि भिंतीकडे तोंड करून रडला. तो तिला ताई म्हणायचा. मीटर वाचताना मी ताई म्हणणारेही बघितलेत.

मी हे लिहितोय त्याची मला लाज वाटते. पण त्या दोन दिवसांत मी हेच जगलो. इस्पितळाच्या मागे झाडांची वाट आहे हे मला ठाऊक होतं. रोज एक ते चार, दोन माणसं एका चालीनं चालतायत असं मी डोळ्यांसमोर आणत होतो. खांब तिन्ही सारखे. घाई नाही, थांबणं नाही. मग वाटायचं, तिथं ती दुसरे बूट घालत असेल. मग वाटायचं, पट्टा तिनं त्याला दिला असेल, आठवण म्हणून. माणूस गेल्यावर घर रिकामं होतं आणि डोकं भरतं.

आणि डॉक्टरांकडची गोष्ट मला सारखी आठवत होती. महिन्यापूर्वी तिला दम लागत होता म्हणून आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "चालणं कसं आहे?" ती काही बोलायच्या आत मी खिशातून दुसरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. "रोज तेरा हजार सातशे. यंत्राचा आकडा आहे." डॉक्टरांनी चष्मा वर केला. "वा. मग हृदयाची काळजी नको. थकवा असेल. रक्त तपासून घ्या, बाकीचं पुढच्या महिन्यात बघू." ती खाली फरशीकडे बघत होती. तेव्हा मला वाटलं लाजतेय.

कागद आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी, मी इस्पितळात गेलो.

त्या वॉर्डाला जाड काचेची खिडकी असलेलं दार आहे. घंटा वाजवायची, आतून कुणीतरी बघतं, कमरेच्या साखळीतली किल्ली काढतं, उघडतं, तुम्ही आत जाता, मागे लगेच कुलूप. ब्रदरनंच उघडलं. मला बघून त्याचा हात किल्लीवरच राहिला.

"भाऊजी, तुम्ही?"

"तिचं सामान घ्यायला आलो."

"ते मी आणून दिलं असतं की."

"माहीत आहे. म्हणूनच मी आलो."

त्यानं मला इन्चार्ज सिस्टरच्या ऑफिसात बसवलं. इन्चार्ज बाई माझ्या बायकोच्याच वयाच्या. त्यांनी कपाटातून एक पिशवी काढून दिली. कप, कंगवा, स्वेटर, जुना चष्मा, पेनं. मी एकेक वस्तू टेबलावर मांडली.

"यात पट्टा नाही," मी म्हणालो.

"कसला पट्टा?"

"पावलांचा. सतरा नंबरचा."

बाईंनी ब्रदरकडे पाहिलं. ब्रदरनं छताकडे पाहिलं.

"तो हरवला, भाऊजी," बाई म्हणाल्या. "गडबडीत."

"कधी हरवला?"

"त्या सोमवारीच. लक्षात नाही आलं कुणाच्या."

मी कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं. "हरवलेला पट्टा रोज साठ हजार पावलं चालतोय. आणि तुमच्या भिंतीवरच्या यंत्राला दिसतोय. म्हणजे याच वॉर्डात हरवलाय."

बाईंनी कागद वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शेकडो दारांत बघितलेलं आहे. सील तुटलेलं दाखवलं की माणसाचा चेहरा असा होतो.

"विद्यापीठाला कळवायचं राहिलं," त्या पुटपुटल्या. "कळवायला हवं होतं."

"काय कळवायला हवं होतं?"

"भाऊजी, बाहेरच्या खोलीत दोन मिनिटं बसता का? मी जरा बोलते याच्याशी."

ते आपसांत काय ठरवणार हे मला ठाऊक होतं. दोन मिनिटं मागणारा माणूस चोरीची वायर काढायला मागतो. पण मी बसलो. भेटीची खोली म्हणजे चार खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, आणि कॉरिडॉरकडे एक मोठी काच. काचेपलीकडे वॉर्डाची दुपार चालू होती. जेवणं झाली होती. एक नर्स ट्रेमधले चमचे मोजत होती, तीन वेळा मोजले. दोन पेशंट टीव्ही बघत होते. एका दाराशी खुर्ची टाकून एक तरुण नर्स बसली होती, पाय लांब करून, मांडीवर फळी आणि कागद. तिची नजर आत, खोलीतल्या पलंगावर. ती खुर्ची. माझी बायको महिनोन् महिने जिथं बसली ती खुर्ची मी पहिल्यांदा बघितली.

आणि एक माणूस चालत होता.

उंच, हाडकुळा, पन्नाशीचा. बिननाडीचे बूट. कॉरिडॉरच्या या टोकाला यायचा, भिंतीला तळवा टेकायचा, वळायचा, त्या टोकाला जायचा. काचेसमोरून गेला, आला, गेला. मला आधी त्रास झाला, मग सवय झाली, आणि मग मी घड्याळ बघू लागलो. का ते मलाही कळलं नाही. जुन्या मीटरात एक चकती फिरायची. शंका आली की आम्ही घड्याळ लावून तिच्या फेऱ्या मोजायचो. हाताला ती सवय आहे.

एका वाटेला तेहतीस-चौतीस पावलं. अर्धं मिनिट. मिनिटाला सदुसष्ट. साठनं गुणलं.

तासाला चार हजार.

मी उठलो आणि काचेशी जाऊन उभा राहिलो. तो वळताना डाव्या पायाची विजार वर सरकली. बिनमोज्याच्या घोट्यावर करडं बटण होतं.

मागे ब्रदर येऊन उभा होता. मी न वळता विचारलं, "हा कोण?"

"पोस्टमन."

"पोस्टमन होता?"

"नाही हो. शिक्षक होता. दिवसभर चालतो म्हणून आम्ही म्हणतो. गोळ्यांनी असं होतं काहींना. बसवत नाही. बसला तरी पाय नाचतात."

"तिनं पट्टा याला दिला."

"हो."

"का?"

त्यानं दाराकडे बघितलं. दाराशी इन्चार्ज बाई आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "भाऊजी, आधी एक ऐका. हे बाहेर गेलं तर पहिली मी घरी जाईन. पट्टा पेशंटच्या पायात म्हणजे फार झालं. आम्ही नाडीसुद्धा ठेवत नाही त्यांच्याकडे. तिला मी बोलले होते. ती म्हणाली, फक्त दुपारपुरता, मी खुर्चीत असते, तो माझ्या डोळ्यासमोरच फिरतो. चारला मी काढून घेते. आणि घ्यायची. एकदाही चुकली नाही."

"सोमवारी चुकली."

"सोमवारी तिला खाली वाकवत नव्हतं," ब्रदर म्हणाला. "मी म्हटलं ताई, मी काढतो. तर हा मला हात लावू देईना. ताई याला म्हणाल्या, असू दे, उद्या मीच काढीन. तेव्हापासून हा कुणालाच काढू देत नाही. सिस्टरच काढणार म्हणतो. चौघांनी धरून काढता आला असता. पण एका पट्ट्यासाठी माणसाला धरायचं?"

"आणि ती गेली हे त्याला?"

"सुट्टीवर आहेत म्हणून सांगितलंय."

मी विचारलं, "का, हे तुम्ही अजून सांगितलं नाहीत. पट्टा याला का?"

"ते आम्हाला नाही माहीत," बाई म्हणाल्या. हे मात्र खोटं नव्हतं असं वाटलं. ब्रदरला माहीत असावं, असं त्याच्याकडे बघून वाटलं.

"मला त्याच्याशी बोलायचंय," मी म्हणालो.

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, मग कागदाकडे बघितलं आणि मिटलं. "पाच मिनिटं. ब्रदर सोबत राहील."

मी कॉरिडॉरमध्ये गेलो. पोस्टमन समोरून येत होता. मी त्याच्यापुढे थांबलो तर तो मला वळसा घालून गेला.

"चालत बोला," तो म्हणाला. "ड्यूटीवर आहे."

मी त्याच्या बाजूनं चालू लागलो. त्याची चाल लांब होती, मला जरा ओढावं लागत होतं. ब्रदर चार पावलं मागे.

"हा पट्टा कुणाचा?" मी विचारलं.

"सिस्टरचा. त्या सुट्टीवर आहेत. आल्या की देणार. तुम्ही कोण?"

"मी त्यांचा नवरा."

तो भिंतीशी पोचला, तळवा टेकला, वळला आणि वळता वळता मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हणजे मीटरवाले साहेब."

"हो."

"तुमचंच काम चाललंय. सिस्टर म्हणाल्या, घरी साहेब आहेत, त्यांना आकडा लागतो. मी म्हटलं, किती? म्हणाल्या, दहा हजारांच्या वर. मी म्हटलं, एवढंच? ते तर मी जेवण जिरवायला चालतो." तो खूश होता. "म्हणाल्या, आकडा कमी आला की साहेब पंखा म्हणतात."

माझे पाय चालत राहिले. थांबले असते तर बरं झालं असतं.

"बरा येतो ना आकडा?" त्यानं विचारलं.

"बरा येतो."

"आता रात्रीचंही चालतो. त्यांना सुट्टीत काळजी नको."

आम्ही त्या टोकाला पोचलो. त्यानं तळवा टेकला. मीही टेकला. भिंतीवर त्या जागी रंग निघून गुळगुळीत खळगा झाला होता.

"सिस्टर कधी येणार?"

मागून ब्रदर घाईनं म्हणाला, "येतील हो, येतील."

मी आयुष्यभर आकडा आहे तसा लिहिला. घर कुणाचंही असो. मी म्हणालो, "येणार नाहीत. त्या वारल्या. त्या मंगळवारी सकाळी."

तो वळला आणि चालू लागला. मीही. त्या टोकापर्यंत काही बोलला नाही. भिंत, तळवा, वळण. परत या टोकापर्यंत काही नाही. चाल तीच, एक पाऊल कमी नाही की जास्त नाही. खुर्चीतली नर्स आमच्याकडे बघू लागली होती, मग तिला आपली ड्यूटी आठवली आणि तिनं मान आत वळवली. तिसऱ्या खेपेला तो मधल्या बाकाशी थांबला आणि डावा पाय बाकावर ठेवला. उजवा पाय जमिनीवर जागच्या जागी नाचत होता.

"काढा," तो म्हणाला. "पण आकडा नीट लिहा."

मी वाकलो. पट्टा तिसऱ्या भोकात होता. काढला. त्याच्या घोट्यावर लाल वळ उठला होता, चौदा दिवसांचा. तो लगेच पाय खाली ठेवून निघाला. आता त्याला कुणी मोजत नव्हतं, तरी त्याच चालीनं.

पट्टा मी खिडकीच्या उजेडात धरला. सात भोकं होती. तिसरं वापरातलं. सातवं, अगदी शेवटचं, ताणून ताणून लांबट झालं होतं, कडा पांढरी पडलेली, फाटायला आलेली. एवढ्या मोठ्या घेराचा घोटा माझ्या बायकोचा नव्हता. मी तिच्या पायात पैंजण बघितले होते, चपला बघितल्या होत्या. म्हणजे कधी काळी बघितल्या होत्या.

"हे कुणी ताणलं?" मी ब्रदरला विचारलं.

तो बाकावर बसला. एवढा आडवा माणूस, मुलासारखा बसला. "ताईंनीच. पहिल्या पंधरवड्यात त्यांनीच घातला होता. पाय सुजायचे हो त्यांचे. दुपारपर्यंत असे व्हायचे," त्यानं दोन्ही हातांनी घेर दाखवला. "पट्टा आत रुतायचा. बोट दाबलं की खड्डा राहायचा. मी म्हटलं हे हृदयाचं असतं, ताई, डॉक्टरला दाखवा. आमच्या वडिलांचं असंच होतं. रोज म्हणायचो. मग त्या माझ्याशी बोलेनाशाच झाल्या. शेवटी म्हणाल्या, दाखवलं. डॉक्टर म्हणाले काळजी नको. मी काय बोलणार मग? डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर?"

"घरी सांगायचं होतंस. मला."

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, ते घाबरतात. बाहेरून लई कडक आहेत, पण घाबरतात." तो डोळे पुसत होता. "तुमच्या समोर यायला तोंड नव्हतं भाऊजी मला. मी एकदा फोन केला असता तरी."

मी त्याच्या शेजारी बसलो. दोन दिवस मी या माणसाला झाडांच्या वाटेवर चालवत होतो. आणि खरा मीटर रोज संध्याकाळी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसत होता, मोजे न काढता. ती घरात मोजे का घालून बसते, हे मी एकदा विचारलं होतं. "थंडी वाजते," म्हणाली. मी पंखा बंद केला होता.

घरी आलो. चौथ्या कागदाबरोबर एक छापील पान होतं, पट्टा परत पाठवताना भरायचं. नाव, पट्ट्याचा नंबर, आणि खाली चार ओळींची जागा: काही सांगायचं असल्यास. मी पाट घेऊन बसलो आणि पेन काढलं. त्या माणसांच्या हिशेबात ती तेरा हजार सातशे पावलं चालणारी बाई होती. असे आकडे जुळवून उद्या कुणी लिहिणार की या नर्सना काही होत नाही, भरपूर चालतात. मग कुठला तरी डॉक्टर चष्मा वर करून कुणाला तरी पुढच्या महिन्यात या म्हणणार.

आमच्या धंद्यात आकड्यापुढे शेऱ्याचा रकाना असायचा. घर बंद. मीटर सदोष. वाचन धरू नये. मी लिहिलं:

"पट्टा क्रमांक सतरा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कागदावरची पावलं माझ्या बायकोची नाहीत. ती कुणाची आहेत ते मला माहीत आहे, पण लिहिणार नाही, तो माणूस आपलं काम करत होता. ती खुर्चीत बसलेली असायची आणि तिचे पाय सुजलेले असायचे. पट्ट्याचं सातवं भोक बघावं. पहिल्या कागदावर दोन हजार नऊशे आहेत. ते तिचे आहेत. तेवढेच धरावेत."

खाली सही केली. सहीपुढे नातं विचारलं होतं. नवरा, असं लिहिलं.